एक किलोचं माणूस

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८० ते ९० मिलिलिटर. सगळं मिळून! त्यातलं एक मिलिलिटर तपासणीला काढलं, तर तुमच्या-माझ्या अंगातून एका दमात पन्नासेक मिलिलिटर नेल्याचा हिशोब होतो. म्हणून नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात कुठल्या बाळाचं आज किती रक्त काढलं याचीसुद्धा नोंद ठेवतात. लॅबमधून ‘सॅम्पल कमी आहे, परत पाठवा’ असा फोन आला, की सिस्टर असा काही आवाज लावतात की पलीकडचा माणूस आहे त्यात भागवतो.

हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. एसटीत शेजारी बसलेल्या मावशींना सांगितलं. आमच्या खानावळीत पिठलं-भाकरी खायला आलेल्या पुण्याच्या पोरांना सांगितलं. ती बिचारी रायगड उतरून दमलेली, त्यांनी माना डोलावल्या आणि ताक मागितलं. आई म्हणाली, गिऱ्हाइकांना जेवताना रक्ताच्या गोष्टी सांगू नकोस.

तर मी रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडची. जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. नर्सिंगला गेले ती काही सेवेची ज्योत वगैरे पेटली म्हणून नव्हे. बारावीला मार्क बरे पडले, पण मेडिकलला पुरतील एवढे नाहीत, आणि नर्सिंग केलं की मुलगी नोकरीला लागते हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मेडिसिन झालं, सर्जरी झाली, ओटी झाली, लेबर रूम झाली. कामं केली, नीट केली, पण ड्युटी संपल्यावर कुणाला फोन करून सांगावं असं काही वाटलं नाही. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, पोस्टिंग लागली. लोक त्याला ‘पेटी’ म्हणतात. ‘तिचं बाळ पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आमच्याकडच्या बायका आवाज उतरवूनच बोलतात, त्यामुळे मी जाताना थोडी घाबरूनच गेले.

आणि तिथे पेटी फारशी नव्हतीच! होते वॉर्मर. उघडा छोटा पलंग, वरून ऊब सोडणारा दांडा, बाळाच्या पोटाला चिकटवलेला प्रोब. बाळाची कातडी थंड पडली की दांडा आपोआप जास्त तापतो, गरम झाली की कमी. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस, त्या एका अंशाच्या पट्टीत बाळाला धरून ठेवायचं. आत शिरायच्या आधी चपला बाहेर, बाह्या कोपराच्या वर, घड्याळ काढा, अंगठी काढा, बांगड्या काढा. माझ्या मनगटावर देवीचा दोरा होता. सिस्टर म्हणाल्या, “कोपराखाली काही नको. दोरापण नको. देवी समजून घेईल.” मग दोन मिनिटं हात धुवायचे, घड्याळ लावून. दोन मिनिटं किती मोठी असतात ते बेसिनपाशी उभं राहिल्यावर कळतं.

आतमध्ये मला पहिल्यांदा ऐकू आला तो चुलीवरच्या भाताला कढ यावा तसा आवाज. रटरट, रटरट. मी वळून वळून पाहतेय, इथे कोण काय शिजवतंय? तो सीपॅप होता. बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या, त्यांतून हवा आणि ऑक्सिजन. बाहेर येणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. टोक पाच सेंटिमीटर बुडवलं, की बाळाच्या फुप्फुसांवर पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब राहतो. एवढंच! दिवस पुरे न भरलेल्या बाळाच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा एक पदार्थ कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वास सोडताना आतले बारीक फुगे मिटून चिकटतात, आणि पुढचा श्वास घ्यायला पुन्हा पहिल्या श्वासाएवढा जोर लावावा लागतो. मिनिटाला साठ-सत्तर वेळा. पाण्याच्या त्या बाटलीमुळे फुगे मिटत नाहीत. मी बाटलीकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. सिस्टर म्हणाल्या, “बुडबुडे थांबले की मला हाक मार. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी हवा गळतेय.”

१९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या थोडं वर. श्वासाच्या याच आजाराने तो दोन दिवसही जगला नाही. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं पोर! आज तो पदार्थ गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढून औषध म्हणून मिळतो, नळीवाटे आत सोडतात. दोन किलोच्या बाळाकडे आमच्या कक्षात कोणीही ‘मोठं आहे की’ अशा नजरेनेच बघतं.

अजून सांगू? ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र पुरतं तयार नसतं, त्यामुळे चाललेला श्वास मध्येच थांबतो. वीस सेकंद गेले की त्याला ॲप्निया म्हणायचं. आणि तेव्हा पहिलं काय करायचं? यंत्र नाही, इंजेक्शन नाही. तळपायाला बोटाने टिचकी मारायची. ‘ए, श्वास घे.’ बहुतेक वेळा बाळ दचकतं आणि घेतं. हे होऊ नये म्हणून औषधही आहे, आणि ते आहे कॅफिन. कॉफीतलं कॅफिन! मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबांना वाटलं मी चेष्टा करतेय.

ऑक्सिजनचंही तसंच. जास्त दिला तर चांगलंच, असं आपल्याला वाटतं. पण दिवस न भरलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, आणि जास्त ऑक्सिजनने त्या वेड्यावाकड्या होतात. १९४० ते ५०च्या दशकांत चांगल्या चांगल्या इस्पितळांत भरपूर ऑक्सिजन दिल्यामुळे जगभरात हजारो मुलं आंधळी झाली. गायक स्टिव्ही वंडर त्यातलाच, जन्म १९५०चा. म्हणून ऑक्सिजन घेणाऱ्या अशा बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५मध्ये ठेवायचं. मोठ्या माणसाचं ९९ दिसलं की आपण खूश होतो. इथे ९९ दिसलं की सिस्टर उठून ऑक्सिजन कमी करतात.

आणि औषधं! एका औषधाचा डोस ०.१ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट. म्हणून एकीने काढायचं, दुसरीने मोठ्याने वाचायचं. रात्री तीनला डोळे चुरचुरत असतानाही मोठ्याने वाचायचं.

पण मला वेड लावलं ते या माहितीने नाही. माहिती पुस्तकातही होती, परीक्षेपुरती वाचलीही होती. एका दुपारी एक अनुभवी सिस्टर हँडओव्हर घेताना एका वॉर्मरपाशी थांबल्या. मॉनिटरवर सगळं ठीक होतं: नाडी १५०, सॅच्युरेशन ९३, तापमान बरोबर. त्या म्हणाल्या, “हे डल आहे आज.” मला काही दिसेना. त्यांनी बाळाचा तळवा हातात घेतला. पोट गरम आणि पाय किंचित गार. छातीवर बोट दाबून सोडलं आणि रंग परत यायला लागणारे सेकंद मोजले. दुधाच्या नळीतून पोटात काय आहे ते पाहिलं तर आधीच्या फीडचं दूध तसंच पडलेलं. “काल याने डायपर बदलताना मला लाथ मारली होती,” त्या म्हणाल्या, “आज नाही मारली.” आणि डॉक्टरांना बोलावलं. जंतुसंसर्गाची सुरुवात होती. रक्त कल्चरला गेलं, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि मॉनिटरने आवाज केला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने.

लाथ! लाथ मारली नाही म्हणून डॉक्टरला बोलावलं! मी जवळजवळ तीन वर्षं नर्सिंग शिकले त्यात पेशंट बोलतो. दुखतं म्हणतो, चक्कर येते म्हणतो, निदान कण्हतो. इथला पेशंट काहीच सांगत नाही. रडायलासुद्धा त्याला ताकद लागते. त्याच्याकडे सांगायला आहे ते फक्त रंग, हालचाल, पायाची ऊब, दूध किती पचलं आणि लाथ. ते वाचता येणारं माणूस चोवीस तास शेजारी लागतं. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. शेजारी सिस्टर असते.

मग मी शोधायला लागले, आणि ज्याची त्याची सुरुवात बघावी तर कुठेतरी एखादी सिस्टर उभी! १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रोचफर्डच्या इस्पितळात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर दिवस न भरलेल्या बाळांच्या कक्षाच्या प्रमुख होत्या. ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात न्यायच्या. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, एवढाच विचार. एक दिवस त्यांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांना एक उघडं बाळ दाखवलं: अंग फिकट, आणि एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं काही लावलंय का कातडीला. सिस्टरच्या लक्षात आलं होतं की त्या तुकड्यावर चादरीचा कोपरा होता. बाकी अंगावर ऊन पडलं तिथली कावीळ उतरली होती. त्यातून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रकाशोपचारावरचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आमच्या कक्षात निळ्या लाइटखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेली जी बाळं दिसतात, त्यांच्या मुळाशी चादरीचा तो कोपरा आहे. पूर्वी अशा कावीळवाल्या बाळांचं सगळं रक्त बदलावं लागायचं. आजही कधी लागतं, पण क्वचित.

पेटीची गोष्टही भारी आहे. पॅरिसचे डॉक्टर तार्निए यांनी १८८०च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि ती बनवणाऱ्यालाच सांगितलं, बाळांसाठी असंच एक करून दे. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाचा माणूस कोनी आयलंडच्या जत्रेत तिकीट लावून पेटीतली जिवंत बाळं दाखवायचा, १९०३ पासून चाळीस वर्षं! ऐकायला विचित्र वाटतं. पण तिकिटाच्या पैशांवर त्याने हजारो बाळं वाचवली आणि आईबापांकडून एक पैसा घेतला नाही. तेव्हाच्या इस्पितळांना ती बाळं नकोच होती.

आणि आपल्याकडे? मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली, आशियातली पहिली. एकीचं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, गार करून साठवायचं, आणि जिला दूध आलेलं नाही तिच्या बाळाला द्यायचं. एका वेळचा फीड दोन मिलिलिटर असेल तर कुणा अनोळखी बाईच्या एका वाटीत किती बाळांची किती जेवणं! मी त्याचा हिशोब करत बसले होते.

फीड मला स्वतःला द्यायला मिळाला. तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी, तिला सिरिंज, दट्ट्या काढून टाकलेला. दूध ओतायचं आणि सिरिंज हातात उंच धरून उभं राहायचं. ढकलायचं नाही, आपल्या वजनाने उतरू द्यायचं. हात दुखतो. पण बाळाच्या ओठांना आईच्या दुधाचा थेंब लावला की ते नळी असतानाही चोखायला लागतं. थोडं मोठं झालं की वाटी-चमचा, नाहीतर बोंडलं. हो, आपल्या आज्यांचं बोंडलं, चोच असलेलं! बाटलीपेक्षा धुवायला सोपं, म्हणून तेच बरं. आमच्या घरी माळ्यावर एक चांदीचं पडलंय, आईला शोधायला सांगितलंय.

ते दूध घेऊन येणाऱ्या आया बघाव्यात. सिझेरियनचे टाके, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी, एकेक पाऊल टाकत वॉर्डातून येतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाचाडच्या पोरीला त्यांच्याकडे बघून हिरकणी आठवणार नाही तर काय? खरं म्हणजे आम्ही ती गोष्ट सांगून सांगून कंटाळलेले लोक आहोत. रोपवेच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती ऐकवावी लागते. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. इतिहासात नोंद असो नसो, गोष्ट आहे. एसटी स्थानकांवरच्या हिरकणी कक्षालाही तिचंच नाव. पण इतक्या वर्षांत एक प्रश्न मला कधीच पडला नव्हता तो कक्षात पडला: ती कडा उतरत होती तेवढा वेळ त्या बाळाजवळ कोण होतं? कोणीतरी असणारच. शेजारीण असेल, सासू असेल. रडून रडून काळंनिळं होऊ नये म्हणून मांडीवर घेऊन बसलेली. तिला बुरूज नाही. नसू दे. मला त्या जागेवर बसायचं आहे.

घरी आजीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या बापाला मी कापसात ठेवून वाढवलाय, सातमाशी होता. मला एकदम आदर वाटला. बाळंतिणीची खोली, शेगडी, सव्वा महिना बाहेरच्याने बाळाला हात लावायचा नाही: ऊब आणि संसर्गापासून बचाव, दोन्ही बायकांना कळत होतं. पण त्याच खोलीत धुरीही असायची, आणि फुप्फुसं कच्ची असताना धूर म्हणजे काय ते आता मला माहीत आहे. मध चाटवायचा नाही, घुटी नाही, आणि एवढ्याशा बाळाला न्हाऊ घालायची घाई तर मुळीच नाही, अंग लगेच गार पडतं. आणि सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही, हे तर साफ खोटं. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या खात्यात जमा होतो. आजी ऐकून म्हणाली, “शिकलीस, बरं झालं.” पटलं असं काही म्हणाली नाही.

बाबांचं वेगळं. त्यांना भंडारा आठवतं. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या याच कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. पुढे त्या रात्री कामावर असलेल्या परिचारिकांवर गुन्हाही नोंदला गेला. “वायरिंग कुणाचं, आणि अडकलं कोण?” बाबा विचारतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच करते की कुठल्याही कक्षात गेले की आधी दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तो उघडतो का ते बघते. आता ती सवयच झाली आहे.

बाकीचे प्रश्नही खरेच आहेत. आरोग्य अभियानातली नोकरी म्हणजे कंत्राट, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुढची. एका नर्समागे तीन-चार बाळं असावीत असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. बाळं सूचना वाचून जन्माला येत नाहीत. आणि बाळं जातात. मी असताना एक गेलं, सहाशे-सातशे ग्रॅमचं. सिस्टरनी सगळ्या नळ्या काढल्या, अंग पुसलं, टोपी घातली आणि आईच्या हातात दिलं. घाई केली नाही, भाषण केलं नाही. त्यांची ड्युटी संपून तास झाला होता. मी नंतर विचारलं, कसं सहन होतं? म्हणाल्या, “होत नाही. पण त्या आईला ते नीट मिळायला हवं होतं की नाही?” मी हे बाबांना सांगितलं नाही. आता वाचतीलच.

तरीही मला जायचंय, आणि त्याचं कारण हा आमचा मुलूख आहे. पाचाडहून जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग शंभरेक किलोमीटर. मध्ये घाट, वळणं, आणि जुलै. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर डोंगर आला, महाड शहर पाण्यात गेलं, तेव्हा कुठला रस्ता आणि कुठली गाडी! ज्या दमट, धुक्याच्या पावसात आमच्याकडे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, त्यात दीड किलोचं ओलं बाळ किती वेळात गार पडेल याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. गडावरचा वारा उतारवयात मानवेना म्हणून जिजाऊंसाठी वाडा खाली पाचाडला बांधला, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. खालीही काही फार ऊब नसते.

आणि यावरचा सगळ्यात भारी उपाय कुठून आला? कोलंबियातून. बोगोटाच्या एका सरकारी इस्पितळात पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी बाळं पेटीतून काढून आयांच्या छातीवर बांधली. कातडीला कातडी, वरून कपडा, चोवीस तास. कांगारू केअर! लोकांना वाटलं, गरिबांचा जुगाड. पण पुढे भारतासह पाच देशांत मोठी चाचणी झाली, २०२१ साली तिचे आकडे आले: एक किलो ते पावणेदोन किलोच्या जरा वरपर्यंतच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं ठेवलं, तर मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात. जिथे पेटी होती तिथल्या इस्पितळांत! आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, दिवसाचे ८ ते २४ तास, लगेच सुरू करा. म्हणजे पाचाडहून निघालेल्या ॲम्ब्युलन्समध्ये ऊब देणारं यंत्र बसलेलंच आहे, फक्त त्या आईच्या ब्लाउजची बटणं काढून बाळ नीट बांधायला कुणीतरी हवं. टोपी घाला, मोजे घाला, मान सरळ, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. मी स्वतःला बाहुली बांधून शिकले.

आणि निघायच्या आधी अजून एक. चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर पुढे पाठवण्याआधी आईला डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन एएनएम सिस्टरही देऊ शकतात, २०१४च्या केंद्र सरकारच्या सूचनांत तसं आहे. आईला सुई, आणि पोटातल्या बाळाची फुप्फुसं पिकायला लागतात! रस्ता लांब असला तरी ते औषध वाटेत काम करत असतं.

माझी चुलती आशा कार्यकर्ती आहे. आधी तिला वाटायचं मी इस्पितळातली मोठी यंत्रं बघून हुरळलेय. मग मी तिला गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं, थोड्याच शिकलेल्या बायकांना: बाळाचे श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, घरीच औषध द्यायचं. काही वर्षांत तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. डिसेंबर १९९९ला ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि साऱ्या देशातल्या आशांच्या घरभेटी त्यातूनच उभ्या राहिल्या. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. चुलतीला या तारखा पाठ आहेत, छातीवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे ते आमच्यासारख्या बायांवरूनच आलं होय?” दोन दिवस ती वाडीत सगळ्यांना सांगत होती. हा रोग घरातलाच दिसतो.

२०२०च्या सरकारी नमुना नोंदणीत देशात हजार जन्मांमागे २० बाळं पहिल्या महिन्यात जात होती, महाराष्ट्रात ११. केरळात ४. अकराचं चार करायचं म्हणजे कुणीतरी लाथा मोजायला हव्यात.

तर माझं ठरलंय. आधी परीक्षा, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. निदान वर्षभर एखाद्या मोठ्या, गर्दीच्या कक्षात, मुंबईला सायन नाहीतर परळला वाडिया, घेतील तिथे. मग निओनेटल नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. मग परत इकडे, महाड-पोलादपूरच्या जवळात जवळ. बाबा म्हणतात, गावच्या दवाखान्यात लागलीस तर रात्री घरी जेवायला येशील. आई काही म्हणत नाही, तिने बोंडलं शोधून चिंचेने घासून ठेवलंय.

चुलतीने मात्र सगळा बेत ऐकून घेतला आणि म्हणाली, “तिकडून सुटून बाळ वाडीत आलं की माझ्या हातात कागद येतो. वजन किती, औषध काय, पुढची तारीख काय. पण हे पोर कुठल्या कुशीवर बरं पितं, रडतं तेव्हा कसं रडतं, त्याचं डल म्हणजे कसं डल, ते कागदावर नसतं. तू लागलीस ना तिकडे, तर कागदाबरोबर मला फोन कर.”

मी म्हटलं, रात्री अकराला केला तर?

“रेंज असेल तर उचलीन,” ती म्हणाली. “आणि हे सांग, नाइट महिन्याला किती असतात? तुझ्या आईने विचारायला सांगितलंय.”